प्रश्न विचारणारी पुस्तिका आणि उत्तर टाळणारे राजकारण : ‘शिवाजी कोण होता?’ची पुनर्चिकित्सा

सारांश

लोकानुनयी राजकारण आणि हेतुपुरस्सर अपप्रचार यांना मुख्य प्रवाहातील पक्षांनी कसे उत्तर द्यावे, या प्रश्नाच्या संदर्भात गोविंद पानसरे यांच्या ‘शिवाजी कोण होता?’ (१९८८) या पुस्तिकेची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. पुस्तिकेची मांडणी, तिचे सामर्थ्य व मर्यादा तपासून २००४ ते २०२४ या काळातील काही घटनांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, मुख्य प्रवाहाने या पुस्तिकेतील उत्तरे घेतली, परंतु तिचा प्रश्न स्वतःला लावून घेतला नाही. आणि त्याच्या प्रतिवादाच्या दुबळेपणाचे प्रमुख कारण तेथे आहे.

बीजशब्द : लोकानुनयवाद, अपप्रचार, मुख्य प्रवाह, इतिहासाचे राजकारण, कोल्हापूर

१. प्रस्तावना

अपप्रचाराला उत्तर कसे द्यावे याविषयी अलीकडे जगभर पुष्कळ लेखन झाले आहे. त्यातील बरेचसे पाश्चात्त्य लोकशाह्यांच्या अनुभवावर आधारलेले आहे आणि आपल्याकडील चर्चाही बहुधा त्याच चौकटीत फिरते. वस्तुतः समाजमाध्यमांचा जन्म होण्याच्या कितीतरी आधी कोल्हापुरातील एका वकिलाने व कम्युनिस्ट कार्यकर्त्याने या प्रश्नाचे एक उत्तर लहानशा पुस्तिकेच्या रूपाने दिले होते. कॉ. गोविंद पानसरे यांची ‘शिवाजी कोण होता?’ ही ती पुस्तिका होय. मूळ व्याख्यानातून सिद्ध झालेली ही पुस्तिका १९८८ साली प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या, लाखाहून अधिक प्रती वाचकांपर्यंत पोहोचल्या व अन्य भाषांत अनुवादही झाले. दि. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात पानसरे यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि २० फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. त्यानंतर पुस्तिकेची मागणी आणखी वाढली.

या पुस्तिकेविषयी आजवर जे बोलले गेले ते मुख्यतः गौरवाचे किंवा निषेधाचे. लेखकाच्या हत्येनंतर तिच्याकडे टीकात्मक दृष्टीने पाहणे अनेकांना प्रशस्त वाटले नाही, हे समजण्यासारखे आहे. परंतु ज्या पुस्तिकेचे शीर्षकच प्रश्नार्थक आहे, तिला प्रश्न विचारणे हा तिचा अनादर ठरू नये. ज्या शहरात ती इतकी वाचली गेली, त्याच शहरात ७ जून २०२३ रोजी काही तरुणांनी मोबाईलवर ठेवलेल्या औरंगजेब व टिपू सुलतान यांच्यासंबंधीच्या ‘स्टेटस’वरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, पोलिसांना लाठीमार करावा लागला आणि इंटरनेट सेवा खंडित करावी लागली. आदल्याच दिवशी शिवराज्याभिषेक दिन साजरा झाला होता. एवढ्या वाचकांपर्यंत गेलेले उत्तर त्या दिवशी उपयोगी का पडले नाही, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

२. संज्ञाविचार

‘लोकानुनय’ हा शब्द आपल्याकडे सवलती व फुकट वाटप या अर्थाने सैलपणे वापरला जातो. राज्यशास्त्रात त्याला अधिक नेमका अर्थ आहे. कास मुद्दे यांनी २००४ मध्ये केलेल्या मांडणीनुसार, समाजाची ‘शुद्ध जनता’ आणि ‘भ्रष्ट अभिजन’ अशा दोन परस्परविरोधी गटांत विभागणी करणारी ती विचारप्रणाली आहे. यान-व्हेर्नर म्युलर यांनी २०१६ च्या आपल्या ग्रंथात त्यापुढे जाऊन असे दाखविले की, ‘आम्हीच आणि केवळ आम्हीच जनतेचे प्रतिनिधी’ हा दावा लोकानुनयवादाचा गाभा आहे. या दाव्यामुळे विरोधक हा प्रतिस्पर्धी न राहता जनतेबाहेरचा, म्हणजेच परका ठरतो.

अपप्रचाराच्या बाबतीतही असाच भेद करावा लागतो. चुकीची माहिती अजाणता पुढे पाठविणे वेगळे आणि ती चुकीची आहे हे ठाऊक असूनही अपाय करण्याच्या हेतूने पसरविणे वेगळे. क्लेअर वॉर्डल व हुसेन देराखशान यांच्या २०१७ च्या अहवालात या दोहोंबरोबर तिसराही प्रकार सांगितला आहे : माहिती खरी, परंतु तिचा वापर इजा पोहोचविण्यासाठी. आपल्याकडील इतिहासविषयक अपप्रचारात हा तिसरा प्रकार विशेष आढळतो. अफजलखानाचा वध ही ऐतिहासिक घटना आहे. तथापि तिचे चित्र कोणत्या कमानीवर, कोणत्या दिवशी आणि कोणाच्या दारासमोर लावले जाते, यावरून तिचा अर्थ पालटतो.

‘मुख्य प्रवाह’ ही संज्ञा येथे संविधानाची चौकट मान्य करून आलटून पालटून सत्तेत येणाऱ्या पक्षांसाठी वापरली आहे. युरोपात मुख्य प्रवाह आणि लोकानुनयी पक्ष यांच्यात काही काळ तरी स्पष्ट सीमारेषा होती. बेल्जियममध्ये १९८९ पासून प्रस्थापित पक्षांनी अतिउजव्या पक्षाशी सत्तेत भागीदारी न करण्याचा पवित्रा घेतला होता. महाराष्ट्रात अशी रेषा आखणे कठीण आहे. येथे लोकानुनय हा एखाद्या पक्षाचा गुणधर्म असण्यापेक्षा सर्वच पक्षांना वेळोवेळी उपलब्ध असलेली एक पद्धती आहे. कार्यकर्ते, नेते आणि घोषणा पक्षापक्षांतून सहज ये-जा करतात. म्हणून ‘त्यांना’ कसे रोखावे यापेक्षा ‘आपण’ काय करतो, हा प्रश्न येथे अधिक महत्त्वाचा ठरतो.

३. पुस्तिकेची पद्धती

पानसरे यांच्या मांडणीचे पहिले वैशिष्ट्य हे की, ती लोकांच्या प्रेमापासून सुरू होते. छत्रपती शिवाजी महाराजांविषयी सामान्य माणसाला वाटणारा आदर हा अज्ञानातून आलेला आहे, असे ती कोठेही सूचित करीत नाही. उलट, तीनशे वर्षांनंतरही हा राजा लोकांना आपला का वाटतो, याचा ती शोध घेते. महाराष्ट्रातील पुरोगामी लेखनाला अनेकदा जडणारा उपहासाचा सूर येथे नाही. श्रद्धेची थट्टा करणाऱ्याचे म्हणणे श्रद्धावान ऐकून घेत नाही, ही साधी गोष्ट पानसरे यांना पुरती उमगली होती.

दुसरे वैशिष्ट्य प्रश्नाचे स्थान बदलण्याचे. प्रतिपक्षाचा प्रश्न असतो : राजा कोणत्या धर्माचा कैवारी होता? पानसरे विचारतात : या राजाच्या राज्यात रयतेचे काय झाले? वतनदारांच्या मनमानीला घातलेला आळा, जमिनीची मोजणी व साऱ्याची निश्चिती, सैन्याने रयतेच्या पिकाला उपद्रव देऊ नये म्हणून दिलेल्या सक्त ताकिदी, रांझ्याच्या पाटलाला झालेली शिक्षा, ही उदाहरणे एका सूत्रात गुंफून ते राज्याची ओळख धर्मावरून कारभाराकडे वळवितात. लढाया धर्मासाठी नव्हे तर राज्यासाठी होत्या, हे सांगताना मोगलांच्या बाजूने चालून आलेल्या मिर्झाराजे जयसिंगांचे उदाहरण ते देतात. राज्याभिषेकाला झालेल्या विरोधाची आठवण करून देऊन ‘आपले’ आणि ‘परके’ ही विभागणी किती गुंतागुंतीची होती, हेही दाखवितात.

तिसरे वैशिष्ट्य भाषेचे. वाक्ये लहान, बोलण्याची लय, आणि श्रोत्याला मध्येच थांबवून विचारलेले प्रश्न. पुस्तिका पाठ्यग्रंथासारखी वाचली जात नाही. समोर कोणी बसून बोलत आहे, असे वाटते. किंमतही परवडणारी. चौकातल्या सभेनंतर हातोहात खपण्याजोगे हे लेखन आहे. या परंपरेचे मूळ जोतीराव फुले यांच्या १८६९ च्या पवाड्यापर्यंत मागे नेता येते. तेथेही कुळवाड्यांचा राजा हीच भूमिका होती आणि विद्वत्सभेऐवजी जनसामान्यांपर्यंत जाणारा वाङ्मयप्रकार जाणीवपूर्वक निवडला होता.

४. पद्धतीच्या मर्यादा

एवढे मान्य करूनही दोन मर्यादांची नोंद घेणे आवश्यक आहे.

पहिली मर्यादा पुराव्याच्या प्रतवारीची. रांझ्याच्या पाटलाचे प्रकरण समकालीन पत्राच्या आधारे सांगता येते. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची कथा मात्र उत्तरकालीन परंपरेतून आलेली आहे. आग्र्याच्या प्रसंगातील मदारी मेहतराच्या कथेचीही तीच स्थिती आहे. पुस्तिकेत अस्सल पत्र आणि लोकपरंपरा यांतील अंतर सामान्य वाचकाला पुरेसे जाणवत नाही. व्याख्यानात हे चालून जाते. अपप्रचाराच्या प्रतिवादात मात्र तो कच्चा दुवा ठरतो. प्रतिपक्ष नेमकी तीच एक कथा उचलतो, तिला आधार नाही हे दाखवितो आणि त्यासरशी अस्सल पत्रही संशयास्पद ठरवितो. दंतकथेला दंतकथेने उत्तर दिले की वाचकापुढे दोन कथा उरतात आणि तो आपल्या आवडीची निवडतो.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. महाराजांच्या सेवेतील मुस्लिम सरदार व अधिकाऱ्यांची यादी हा पुस्तिकेतील सर्वाधिक लोकप्रिय झालेला भाग. भाषणांत, भित्तिपत्रकांत, आणि आता मोबाईलवरील संदेशांत तो सतत येतो. आरमारातील दौलतखानासारखी नावे इतिहासात निश्चित आहेत. तरीही यादी देण्याच्या या रीतीत प्रतिपक्षाची एक अट मान्य केली जाते, ती अशी की एखाद्या समाजाची निष्ठा नावे मोजून सिद्ध करावी लागते. विरोधक मग दुसरी यादी आणतो. पानसरे यांनी ही यादी रयतेच्या प्रश्नाला पूरक म्हणून दिली होती. नंतरच्या वापरात यादी राहिली आणि रयत गळाली. याचा सारा दोष लेखकाकडे जात नाही. परंतु पुस्तिकेतील कोणता भाग सुटा होऊन फिरेल, याचा विचार लेखनातच करावा लागतो, हा धडा त्यातून मिळतो.

५. मुख्य प्रवाहाने काय घेतले, काय टाकले

आता पुस्तिकेकडून राजकारणाकडे वळू. जेम्स लेन यांच्या ग्रंथावरून ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला. तत्पूर्वीच, नोव्हेंबर २००३ मध्ये, प्रकाशकाने ग्रंथ बाजारातून काढून घेतला होता. तरीही राज्यातील तत्कालीन काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी सरकारने ग्रंथावर बंदी घातली. विधानसभेची निवडणूक त्याच वर्षी होती. पुढे २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द ठरविली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. लेन यांच्या ग्रंथातील आक्षेपार्ह मजकुराचा साधार प्रतिवाद करणे शक्य होते. महाराष्ट्रात त्यासाठी लागणाऱ्या विद्वत्तेची वाण नव्हती. परंतु सरकारने प्रतिवादाचा मार्ग न धरता जमावाच्या भावनेला कायद्याचे रूप दिले. हल्ला करणारी संघटना बहुजनवादी परिभाषा वापरीत होती, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. लोकानुनय एकाच विचारसरणीची मिरासदारी नाही, याचे हे जवळचे उदाहरण होय.

सप्टेंबर २००९ मध्ये मिरजेत गणेशोत्सवातील कमानीवरील अफजलखान वधाच्या चित्रावरून दंगल उसळली. तिचे पडसाद सांगली, इचलकरंजी व कोल्हापूरपर्यंत उमटले. विधानसभा निवडणूक पुढच्याच महिन्यात होती. त्यानंतर २०२३ चा कोल्हापूर बंद आणि १४ जुलै २०२४ चे गजापूर. विशाळगडावरील अतिक्रमणे हा मुळात प्रशासकीय व न्यायालयीन प्रश्न होता आणि अतिक्रमणे दोन्ही समाजांतील लोकांची होती. प्रत्यक्ष हिंसेचा फटका मात्र गडाबाहेरच्या गजापूर येथील मुसलमानवाडीला, तेथील घरांना व मशिदीला बसला.

या सर्व प्रसंगांत मुख्य प्रवाहाची प्रतिक्रिया ठरावीक राहिली. प्रथम मौन, मग शांततेचे आवाहन, मग ‘हे फुले-शाहू-आंबेडकरांचे कोल्हापूर आहे’ हे वाक्य. वाक्य खरे आहे. शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा आरक्षणाचा जाहीरनामा आणि १९०६ ची मुस्लिम बोर्डिंग या गोष्टी इतिहासाने नोंदविल्या आहेत. परंतु वारशाचा उच्चार म्हणजे वारशाचे पालन नव्हे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत कोल्हापूरने काँग्रेसचे उमेदवार शाहू छत्रपती यांना निवडून दिले; त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या निवडणुकीत जिल्ह्यातील एकाही मतदारसंघात काँग्रेसला यश आले नाही. या निकालांमागे अनेक कारणे आहेत आणि त्यांचा संबंध केवळ प्रस्तुत विषयाशी जोडणे उचित होणार नाही. तथापि आदरणीय नावाची पुण्याई एका निवडणुकीपुरती पुरते, संघटनेचे काम तिने भागत नाही, एवढा निष्कर्ष काढता येईल.

येथे पुस्तिकेकडे परत यावे लागते. तिचा मध्यवर्ती प्रश्न वतनदारीचा आहे. राजाने वतनदारांना कसे वागविले आणि रयतेला कोणापासून संरक्षण दिले? हा प्रश्न आजच्या जिल्ह्याला लावला की तो साखर कारखान्यापाशी, दूध संघापाशी, जिल्हा बँकेपाशी आणि शिक्षणसंस्थेपाशी येऊन थांबतो. सहकाराने पश्चिम महाराष्ट्रातील शेतकऱ्याला उभे केले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्याच संस्थांवर पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली घराण्यांची पकड वतनदारीची आठवण करून देते, हेही तितकेच खरे. मुख्य प्रवाहातील नेता व्यासपीठावरून मुस्लिम सरदारांची यादी वाचू शकतो, कारण तीत त्याला काही सोडावे लागत नाही. वतनदारीचे प्रकरण तो वाचत नाही, कारण श्रोत्यांची नजर तत्काळ त्याच्याकडेच वळेल.

लोकानुनयी राजकारणाला याच रिकाम्या जागेत प्रवेश मिळतो. अभिजन भ्रष्ट आहेत, हे त्याचे अर्धे विधान लोकांना अनुभवाने पटलेले असते. उरलेले अर्धे विधान, म्हणजे तुमच्या दुःखाला शेजारचा परका जबाबदार आहे, हे मग पहिल्याच्या आधाराने खपते. दुसऱ्या विधानाचे खंडन करीत असताना पहिल्याविषयी मौन पाळणारा राजकारणी श्रोत्याला अप्रामाणिक वाटतो. त्याने दिलेली माहिती खरी असली तरी ती स्वीकारली जात नाही.

६. पेठ, तालीम आणि विश्वास

माहितीचा स्वीकार विश्वासावर अवलंबून असतो आणि विश्वास स्थानिक असतो. प्रस्तुत लेखक ज्या मंगळवार पेठेत राहतो, तेथे हा विश्वास तालमीच्या कट्ट्यावर तयार होतो. पाटाकडील, बालगोपाल यांसारख्या तालीम मंडळांचा आरंभ आखाड्यातून झाला. आज त्यांची ओळख फुटबॉल संघांमुळे अधिक आहे. गणेशोत्सव, शिवजयंती, महापुरातील मदत, आजारी माणसाला दवाखान्यात नेणे, या सर्व गोष्टी तालमीतून होतात. कोल्हापुरात अशाही तालमी आहेत जेथे गणपती व मोहरमचे पंजे यांची परंपरा एकत्र नांदली. बाबूजमाल तालीम हे त्याचे परिचित उदाहरण. ही परंपरा कोणा वक्त्याने समजावून सांगितली म्हणून टिकली नाही. ती रोजच्या सहवासाने टिकली.

या कट्ट्यावर आज प्रत्येकाच्या हाती मोबाईल आहे. एखादा मजकूर येतो, तो कोणी पाठविला हे पाहिले जाते आणि पाठविणारा आपला असला की मजकूरही आपला ठरतो. दूरच्या सत्यशोधन कक्षाने दोन दिवसांनी दिलेला खुलासा येथे पोहोचत नाही. पोहोचला तरी त्याला ओळखीचा चेहरा नसतो. निवडणुकीच्या काळात मुख्य प्रवाहातील पक्ष तालमींकडे जातात, परंतु ते बहुधा देणगी, जर्सी किंवा डिजिटल फलक यांच्यासाठी. वर्षभर तेथे बसून वाद घालणारा, चुकीचे असेल तर ‘हे खोटे आहे’ असे आपल्याच पोरांना तोंडावर सांगणारा कार्यकर्ता पक्षांनी गमावला आहे.

पानसरे यांचे म्हणणे ऐकले जात असे, ते या ठिकाणी समजते. कोल्हापूर शहरातील टोलविरोधी आंदोलनात एन. डी. पाटील यांच्यासमवेत ते अग्रभागी होते. त्या आंदोलनात सर्व विचारांचे लोक होते. त्यांची शिवचरित्राची मांडणी मान्य नसणारेही असतील. डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाला, तेव्हा ते हयात नव्हते. परंतु रस्त्यावरच्या प्रश्नासाठी आपल्याबरोबर उभा राहणारा माणूस इतिहासाविषयी काही वेगळे सांगतो आहे, तर ते निदान ऐकून घ्यावे, एवढी जागा त्या लढ्याने निर्माण केली होती. पुस्तिकेच्या शब्दांमागे हे तारण होते. मुख्य प्रवाहाने शब्द उसने घेतले, तारण घेतले नाही. पानसरे यांच्या स्वतःच्या पक्षालाही या विश्वासाचे निवडणुकीतील बळात रूपांतर करता आले नाही, हेही नोंदविले पाहिजे. विचाराची पोच आणि संघटनेची पोच या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि कोल्हापुरात त्यांची गाठ पडली नाही.

७. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

पहिला, बंदी आणि मौन ही दोन्ही अपप्रचाराला दिलेली उत्तरे नव्हेत. २००४ च्या बंदीने जमावाचा अधिकार मान्य केला. नंतरच्या मौनाने तो वाढविला. म्युलर यांनी सुचविल्याप्रमाणे लोकानुनयी नेत्यांशी बोलावे, परंतु त्यांच्यासारखे बोलू नये, हे पथ्य आपल्याकडे उलटे पाळले गेले : त्यांच्याशी वाद टाळला आणि भाषा मात्र त्यांची उचलली.

दुसरा, प्रतिवाद पुराव्याची प्रतवारी सांगून करावा. समकालीन पत्र, उत्तरकालीन बखर आणि लोककथा यांतील फरक सामान्य माणसाला कळत नाही, हा समज चुकीचा आहे. सात-बाराचा उतारा आणि तोंडी दावा यांतील फरक ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्याला हेही कळते.

तिसरा, आणि प्रस्तुत लेखाचा मुख्य, मुख्य प्रवाहाने पुस्तिकेतील प्रश्न प्रथम स्वतःला विचारावा. सहकारी संस्थांचा कारभार, उमेदवारीतील घराणेशाही, पेठेतील वर्षभराची उपस्थिती याविषयी हिशेब दिल्याखेरीज त्याच्या खऱ्या बोलण्यालाही वजन येणार नाही.

शेवटचा मुद्दा आपणा अध्यापकांविषयी आहे. मोबाईलवरचा मजकूर पुढे करून ‘सर, हे खरे आहे का?’ असे विचारणारा विद्यार्थी अजून आपल्या वर्गात आहे. त्या वेळी अभ्यासक्रमाबाहेरचा विषय म्हणून आपण तो टाळतो किंवा एका वाक्यात निकालात काढतो. राजकीय पक्षांवर आपण ठेवलेला ठपका तेथे आपल्यावरही येतो. २०२३ च्या जूनमधील त्या गर्दीत विशीच्या आतबाहेरची पुष्कळ मुले होती. त्यांतील काही कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयाच्या हजेरीपटावर असणारच. पानसरे यांनी प्रश्नार्थक शीर्षकाची पुस्तिका लिहिली आणि प्रश्न विचारणाऱ्यासाठी वेळ राखून ठेवला. तेवढा वेळ आपण आपल्या वर्गात राखतो का, याचे उत्तर मुख्य प्रवाहाकडून अपेक्षा करण्याआधी आपण द्यावयास हवे.